वाटेचं पाणी, ओढ्याचे मासे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात टीअनवे नावाची एक छोटी नदी आहे. कॅस्केड पर्वताच्या पूर्व उतारावरून ती खाली येते आणि यॅकिमा नदीला मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नदीकडून लोकांनी लाकूड वाहून घेतलं. डोंगरावर तोडलेले ओंडके पात्रात लोटायचे, लाकडी बांध घालून पाणी तुंबवायचं आणि पुरेसं साठलं की बांध एकदम मोकळा करून सगळा माल लोंढ्याबरोबर खाली गिरणीकडे पाठवायचा. ओंडके अडकू नयेत म्हणून पात्रात आडवी पडलेली झाडं आणि मोठे धोंडे आधीच काढून ठेवायचे. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, लाकूड रस्त्याने जाऊ लागलं. ओढे साफ करायची सवय मात्र सुटली नाही. १९५० ते १९७० च्या दशकांत तर पश्चिम किनाऱ्यावरच्या मत्स्यखात्यांनीच पदरचे पैसे खर्चून ओढ्यांतली पडझडीची लाकडं उचलली. लाकूड आडवं आलं की सालमन माशाची वाट अडते, अशी समजूत होती.

मासे कमीच होत गेले. आता त्याच खोऱ्यांमध्ये हेलिकॉप्टरला टांगून ओंडके परत आणतात. २०२१ च्या उन्हाळ्यात यॅकामा नेशनने, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवासी जमातींच्या शासनाने, मध्य वॉशिंग्टनमधल्या ओढ्यांत सहा हजारांच्या आसपास ओंडके टाकून घेतले. १८५५ च्या तहात या जमातींनी एक कोटीहून अधिक एकर जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. मासेच नसतील तर त्या हक्काचं करायचं काय, हा त्यांचा साधा सवाल आहे. या भागातल्या ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाच्या बहुतेक कामांमागे तोच आहे.

लाकूड पात्रात काय करतं, हे काठावर थोडा वेळ बसलं तरी कळतं. पाणी ओंडक्यावर आदळतं आणि त्याच्याखाली खणतं; तिथे डोह होतो. डोहातलं पाणी उन्हाळ्यात थंड राहतं, पिलं तिथे तग धरतात. ओंडक्याच्या आडोशाला वेग मरतो आणि वरून आलेली खडी बसते. सालमनची मादी याच खडीत शेपटीने खड्डा करून अंडी घालते. टीअनवेचे ओंडके गेले तशी खडीही गेली. पश्चिमेच्या आणि मधल्या फाट्यावर काही ठिकाणी नदी आता खालच्या खडकाला लागली आहे आणि तो मऊ खडक कापत आणखी खाली चालली आहे. पात्र असं खोल गेलं की पूर काठावर चढत नाही, काठच्या कुरणात पाणी मुरत नाही, आणि ऐन ऑगस्टमध्ये बाजूने झिरप येत नाही. जलयुक्त शिवारच्या काळात नदी-खोलीकरणावरून आपल्याकडे जो वाद झाला तो ज्यांनी लक्ष देऊन ऐकला असेल, त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही.

या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये एक शनिवार-रविवार श्रमदानाला गेलो, तेव्हा मला वाटत होतं की ओंडके ढकलायला मिळतील. पात्रातलं काम मात्र उन्हाळ्याच्या ठरलेल्या थोड्या आठवड्यांतच करता येतं. मासे अंडी घालायला लागले की यंत्रही नाही आणि माणूसही नाही. आमच्या वाट्याला आलं ते दोन तऱ्हेचं काम: डोंगरातली पायवाट दुरुस्त करणं आणि ओढ्याच्या काठी रोपं लावणं. कागदावर ही दोन वेगळी कामं होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लक्षात आलं की मुळात ते एकच आहे.

सिएटलहून पूर्वेला निघालं की आय-९० महामार्ग स्नोक्वाल्मी खिंड ओलांडतो आणि हवा बदलते. पश्चिमेला सतत पाऊस आणि शेवाळलेलं जंगल, पूर्वेला कोरडा वारा, पाँडेरोसा पाइनची विरळ झाडं आणि ऑक्टोबरात सोन्यासारखे पिवळे झालेले लार्च. घाटमाथ्यावरून देशाकडे उतरणाऱ्याला हा बदल ओळखीचा वाटेल. क्ली एलम आणि रॉस्लिन ही जुनी गावं, रॉस्लिन तर कोळशाच्या खाणीवर वाढलेलं. तिथून आत वळलं की टीअनवे कम्युनिटी फॉरेस्ट लागतं. लाकूड कंपन्यांच्या ताब्यातून गेलेली ही ५० हजार एकरांहून थोडी अधिक जमीन २०१३ साली राज्याने विकत घेतली आणि तिला राज्यातलं पहिलं सामुदायिक वन केलं. पाणलोट राखणं हा त्यामागचा पहिला हेतू. खाली यॅकिमाच्या खोऱ्यात सफरचंदं आहेत, आणि बिअरला लागणारे हॉप्स अमेरिकेत जेवढे पिकतात त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश तिथलेच. शेतकरी, मच्छीमार जमाती आणि पर्यावरणवाले या खोऱ्याच्या पाण्यावरून अनेक वर्षं कोर्टात भांडले आणि मग एका आराखड्यावर एकत्र आले. हे जंगल त्या तडजोडीचं फळ आहे.

सकाळी आठला गाड्या लागल्या. वीसेक माणसं होती: निवृत्त लोक बरेच, कॉलेजची चार पोरं, एक सुतार, एक परिचारिका, आणि बॉथेलहून आलेला साताऱ्याचा एक सॉफ्टवेअर अभियंता. आडनावावरून मला हेरून त्याने थेट विचारलं, "काका, इकडे कुठे?" आमच्या तुकडीची प्रमुख सत्तरीची निवृत्त शिक्षिका होती. तिने सगळ्यांना हेल्मेट दिली आणि हत्यारं कशी धरायची ते सांगितलं. सांगण्याचा सूर वर्गातलाच होता. हत्यार खांद्यावर घ्यायचं नाही, हातात खाली धरायचं, आणि उताराकडच्या हातात धरायचं. म्हणजे पाय घसरला तर ते दरीकडे फेकून देता येतं आणि आपण त्याच्यावर पडत नाही. दोन माणसांत दहा फुटांचं अंतर. कोणी टिकाव चालवत असेल तर मागून जाताना आधी हाक द्यायची आणि त्याने हात थांबवून मान वळवेपर्यंत उभं राहायचं. किल्ल्यांवरच्या श्रमदानात मी इतकी शिस्त क्वचित पाहिली आहे. आपल्याकडे घमेल्यांची साखळी उत्तम लागते, पण हेल्मेट घातलं तर पोरं हसतात.

हत्यारांत सगळ्यांची नजर पुलास्कीवर असते. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं, खोऱ्यासारखं पातं. वाटेत आलेलं मूळ तोडायचं आणि हत्यार उलटं करून माती ओढायची. हे नाव एड पुलास्की या वनरक्षकाचं आहे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. त्या वणव्यात पुलास्कीने आपल्या चाळीसहून अधिक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल दाखवून आत रोखलं. काही जण गेले, बहुतेक वाचले. डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा झालेल्या या माणसाने नंतर वणव्याच्या कामासाठी हे हत्यार घडवून रूढ केलं. आज अमेरिकेतल्या वाटांवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तुकडीकडे ते असतं. आपल्या टिकाव-फावड्याला सरावलेल्या हाताला ते पहिल्या तासात जड वाटतं, मग सुटत नाही.

आता वाटेचं. डोंगराच्या कडेने गेलेली वाट नवी असते तेव्हा ती दरीच्या बाजूला किंचित कललेली असते, शंभरला पाचच्या हिशेबाने. वरून आलेलं पावसाचं पाणी पातळ थराने वाट ओलांडतं आणि खालच्या गवतात जातं. माणसं, घोडे, सायकली वर्षानुवर्षं मधोमध चालतात. मधला भाग दबतो, बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा उभा राहतो. मग पाणी वाट ओलांडू शकत नाही, वाटेनेच पळतं. पळणारं पाणी माती घेऊन जातं, चर पडतो, चालणारे चर टाळून बाजूने चालतात, तिथे दुसरा चर पडतो. उतार फार असेल तर दोन पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो. आणि तो नाला कुठे तरी ओढ्याला मिळतो.

सालमनच्या अंड्यांना खडीच्या फटींतून वाहणारं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. वाटेवरची बारीक माती या फटींत बसली की अंडी जागच्या जागी गुदमरतात. बाहेर आलेल्या पिलांनाही वर यायला फट राहत नाही. वरच्या डोंगरातली एक बिघडलेली वाट खालच्या खडीत काय करते ते वाटेवरून चालणाऱ्याला कधीच दिसत नाही, म्हणून त्याची कोणाला खंतही नाही. पाणलोटाच्या कामात आपण 'माथा ते पायथा' म्हणतो ते हेच. पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, २०१६ साली, साताऱ्याच्या अभियंत्याने कोरेगाव तालुक्यात समतल चर खणले होते. तो वरंबा फोडताना म्हणाला, "आपण तिकडे पाणी अडवायला चर काढले, इथे पाणी सोडायला काढतोय." एवढं म्हणून तो थांबला नाही; पुढे त्यानेच जोडलं की दोन्हीकडे पाण्याला पळू द्यायचं नाही, एवढंच काम आहे.

काम कंटाळवाणं आहे, हे लपवून उपयोग नाही. वरंबा फोडायचा, माती खाली दूर फेकायची, कलता पृष्ठभाग परत काढायचा, आणि ठरावीक अंतरावर एक उथळ, रुंद खोलगट भाग ठेवायचा, म्हणजे साचून आलेलं पाणी तिथून बाहेर निघेल. आधी जे दगडी किंवा लाकडी आडबांध घालत असत ते दोनेक हंगामांत गाळाने भरतात. उथळ खोलगटी जास्त टिकते. ती बरोबर जमली की नाही, ते मास्तरीणबाई बाटलीतलं पाणी ओतून बघत. पाणी वाटेवर घुटमळलं तर पुन्हा खोरं हातात. माझ्या एका खोलगटीची परीक्षा तिने चार वेळा घेतली. शेवटच्या वेळी पाणी सरळ बाहेर गेलं तेव्हा ती काहीच न बोलता पुढे निघाली, आणि आम्ही ते पास झाल्याचं समजलो.

दुपारनंतर वाट आल्पाइन लेक्स विल्डरनेसच्या हद्दीत शिरली आणि यंत्रांची सोय संपली. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने अशा राखीव रानात मोटारीचं कुठलंही यंत्र चालवायला बंदी आहे, सायकलीलाही बंदी आहे. हे विशिष्ट क्षेत्र १९७६ मध्ये घोषित झालं. म्हणजे वाटेवर पडलेलं झाड कापायचं तर चेनसॉ नाही, दोघांनी दोन टोकांना धरायची लांब करवत. या भागात पडलेल्या झाडांना तोटा नाही. २०१७ मध्ये विजेने पेटलेल्या जॉली माउंटनच्या वणव्यात सुमारे ३६ हजार एकर जळालं, आणि उभी जळालेली खोडं अजून दर हिवाळ्यात कोसळतात.

करवतीचा नियम एकच: ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं. समोरचा ओढतो तेव्हा आपण हात सैल सोडायचा. बोलायला सोपं, पण माणसाचा स्वभाव मदत करायचा असतो आणि तो हात ढकलतोच. जमलं की कापातून लाकडाच्या लांब शेवया निघू लागतात आणि आवाज बदलतो. दातांच्या मधले दोन टोकांचे दात या शेवया बाहेर खेचतात. भुसा निघत असेल तर करवत बोथट आहे किंवा जोडी बिघडली आहे. दोन फूट जाडीचं खोड कापायला तासाच्या आसपास वेळ गेला. चेनसॉने ते काही मिनिटांचं काम. हा सगळा अट्टाहास मला आधी थोडा सोवळ्यातला वाटला होता. पण संध्याकाळी सुताराने एक गोष्ट सांगितली ती पटली: हातकरवतीच्या कामात सगळे एकमेकांशी बोलू शकतात, म्हणून अपघात कमी होतात आणि माणसं परत येतात.

माणसं परत येणं हीच इथली खरी पुंजी. फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वनखात्याकडे, वाटा हजारो मैल आणि माणसं मूठभर. यातल्या कितीतरी वाटा महामंदीत १९३३ ते १९४२ या काळात सरकारी छावण्यांतल्या बेकार तरुणांनी बांधल्या. नंतर त्या सांभाळायला तेवढे हात कधीच उरले नाहीत. लुईझ मार्शल या बाईंनी १९६६ मध्ये भटक्यांसाठी 'साइनपोस्ट' नावाचं पत्रक काढलं, त्यातून वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन उभी राहिली. १९९३ मध्ये ग्रेग बॉल यांनी तिच्यात स्वयंसेवकांकडून वाटदुरुस्तीचं काम सुरू केलं. आज राज्यातल्या वाटांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची ती सगळ्यात मोठी फळी आहे. नवख्याचं हेल्मेट हिरवं; ठरावीक वेळा येऊन गेलं की स्वतःच्या नावाचं मिळतं. क्षुल्लक वाटतं, पण त्या नावाच्या हेल्मेटसाठी साठीच्या माणसांना पावसात चिखल उपसताना मी पाहिलं आहे. आपल्या संस्था टी-शर्ट वाटतात, तोही पहिल्याच दिवशी. दहाव्या दिवसासाठी हातचं काही राखत नाहीत.

रविवारचं काम ओढ्याकाठी. पोचताच दोन सूचना: बूट आणि फावडी ब्रशने धुऊन मगच खाली उतरायचं, कारण एका पाण्यातली गोगलगाय किंवा शेवाळ दुसऱ्या पाण्यात जाऊ नये, आणि पाण्यात पाय घालायचा नाही. काठच्या एका अल्डरच्या फांदीला गुलाबी फीत बांधलेली होती, तिच्यावर शाईने तारीख. फितीसमोर पात्रात खडीचा एक पट्टा आजूबाजूच्या काळपट दगडांपेक्षा उजळ दिसत होता. चिनूक सालमनच्या मादीने खड्डा करताना खडी उलटवली होती, शेवाळ धुऊन निघालं होतं. त्या उजळ पट्ट्याखाली अंडी होती. मादी केव्हाच मेली; हा सालमन आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि संपतो. तिचं अर्धवट कुजलेलं धूड वरच्या वळणावर दगडात अडकलेलं दिसलं, तोंडाशी कोल्ह्याने किंवा रकूनने खाल्लेलं. पॅसिफिक महासागरातून कोलंबिया नदीने वर, धरणांमागून धरणं ओलांडून, यॅकिमातून ती इथवर आली होती.

आम्ही लावली ती विलोची आणि रेड-ओझियर डॉगवूडची छाटं. पानं गळाल्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठ्या छाटायच्या, खालचं टोक तासायचं, आणि लोखंडी पहारीने ओल लागेपर्यंत भोक पाडून काठी त्यात दोन तृतीयांश पुरायची. मुळं फुटतात. विलोचा भाऊ आपल्या ओढ्यांकाठीही आहे, वाळुंज. तोही फांदी खोचली की लागतो, हे कोकणातल्या आणि मावळातल्या लोकांना कोणी शिकवायला नको. काठावर सावली आली तर पाणी थंड राहील. सोळा-अठरा अंशांच्या पुढे पाणी तापलं की ही मासळी अडचणीत येते, आणि टीअनवे ऑगस्टमध्ये तापते.

छाटं लावणं सगळ्यांना आवडतं, फोटोही चांगले येतात. मास्तरीणबाईंना ते आवडत नव्हतं. मागच्या वर्षी लावलेल्या पट्ट्यात तिने आम्हाला नेलं: हरणांनी आणि एल्कनी शेंडे खाल्ले होते, रोपांभोवतीच्या जाळ्या वाकल्या होत्या, काही छाटांभोवती गवताने वेढा घातला होता. आमच्या तुकडीतले निम्मे लोक मग उरलेला दिवस जुन्या जाळ्या सरळ करत आणि गवत उपटत होते. "लावणारे खूप मिळतात," ती एवढंच म्हणाली. पावसाळ्याच्या आरंभी टेकड्यांवर लाखांनी रोपं लावणाऱ्या आणि मार्चमध्ये तिकडे न फिरकणाऱ्या आपल्या मोहिमांना हे वाक्य जसंच्या तसं लागू पडतं.

हा सगळा खटाटोप करायला पूर्वी इथे बीव्हर होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या टोप्यांसाठी त्यांची इतकी शिकार झाली की बहुतेक ओढे मोकळे पडले. आता शेतात उपद्रव देणारे बीव्हर धरून वरच्या ओढ्यांत सोडतात. १९४८ मध्ये आयडाहोत तर ७६ बीव्हर पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने रानात उतरवले होते. एक सोडून सगळे सुखरूप पोचले. तो प्राणी बांध घालतो, पाणी काठावर चढवतो, विलो खातो आणि छाटलेल्या बुंध्यातून विलो पुन्हा फुटतो. पगार नाही, हेल्मेट नाही. जिथे तो येत नाही तिथे माणसं पात्रात खुंट ठोकून त्यात विलो विणून बीव्हरच्या बांधाची नक्कल करतात, या आशेने की कधी तरी खरा मालक येईल आणि डागडुजी हाती घेईल.

सह्याद्रीत असं काम हवं का, असं साताऱ्याच्या मुलाने परतताना विचारलं. हवं, आणि ते किल्ल्याच्या तटावर नको, वाटेवर हवं. आपल्याकडे दुर्गसंवर्धनाच्या संस्था टाक्यांतला गाळ काढतात, तोफा उचलतात, दरवाजे बसवतात. ते मोलाचं आहे. पण पावसाळी शनिवार-रविवारी राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेने हजारो बूट जातात, वळणं तोडून सरळ उतरतात, आणि लाल पाणी ओढ्यांत जातं, त्याकडे कोणाचं लक्ष नाही. ओढ्यातला मासा राखायची परंपरा आपल्याला नवी नाही: महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहातले महासीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही. देवीने डोह राखला. वरचा डोंगर आपण राखायचा आहे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या ट्रेकला निघाल तेव्हा नागमोडी वाटेची वळणं तोडू नका, आणि वाट कुठे चर झाली आहे ते फोटो काढून लिहून ठेवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही, तेव्हा तुमच्या संस्थेने तो अर्ज याच हिवाळ्यात करावा. पाऊस जूनमध्ये येतो.